बेलवडीची देसाईण कुणाची?

बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या भिशीत अकरा बायका आहेत. चिठ्ठी उचलून झाली, चहा झाला की अर्धा तास पुस्तकांचा. कुणी सुरू केलं ते आता आठवत नाही, पण भिशीचा हप्ता चुकला तरी चालेल, हा अर्धा तास चुकवायचा नाही असं होऊन बसलंय. आणि त्या अर्ध्या तासात हातोहात फिरतात त्या एकाच घाटाच्या कादंबऱ्या. एक प्रकरण आजचं, एक प्रकरण ऐंशी-शंभर नाहीतर दोनशे वर्षांपूर्वीचं. आजच्या प्रकरणात नोकरीला कंटाळलेली, नवऱ्याशी बिनसलेली मुलगी आजीच्या घरी येते, माळ्यावर ट्रंक सापडते, ट्रंकेत पत्रं. तिकडे जुन्या काळात एक बाई कुणाला तरी तळघरात लपवते, निरोप पोचवते, बंदूक उचलते, पकडली जाते. काही इंग्रजीत, काही अनुवादात, काही भाकऱ्या थापताना कानात घालून ऐकायच्या. फ्रान्समधल्या, पोलंडमधल्या. महायुद्ध असलं की लेखिकेचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

मला या कादंबऱ्या आवडतात. आधीच कबूल करते, कारण पुढे त्यांच्यावर थोडं तोंडसुख घेणार आहे.

आवडतात का, याचा विचार मी बरेच दिवस केला. शूर बाईची गोष्ट एकटीच सांगितली की तिचा पुतळा व्हायला वेळ लागत नाही. हार घाला, जयंती करा, शाळेच्या गॅदरिंगला एखाद्या मुलीच्या कमरेला पुठ्ठ्याची तलवार बांधा. तिच्याजवळ जायला वाटच राहत नाही. दुसरा धागा ती वाट करून देतो. आजची ती घाबरट, आपल्यासारखीच बिलं भरणारी, दिवसातून तीनदा फोन हरवणारी मुलगी शेजारी उभी केली की वाचणारी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघते. वर शोधाची मजा आहे. हे पत्र कुणाचं? फोटोतला एक चेहरा कापून का काढलाय? आजच्या प्रकरणात आधीच कळलेलं असतं की ती बाई म्हातारी होऊन अंथरुणात गेली, तरी मागच्या प्रकरणात ती पुलावरच्या पहाऱ्यासमोर उभी राहिली की माझ्या चहावर साय धरते.

माझे थोरले दीर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांना हे सगळं थोतांड वाटतं. "काय वाचूलीस गं एवढं?" म्हणून पुस्तक उलटं करून बघतात आणि मग, "कादंबरीवाल्यांनीच इतिहासाची माती केली," हे ठरलेलं वाक्य. मला त्यांचा राग समजतो. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी पल्लेदार वाक्यांच्या भरात काय काय खपवलं हे आपण जाणतो. कादंबरीतले संवाद लोक भाषणात पुरावा म्हणून फेकतात. पण माझं म्हणणं असं, की हा दोष एकधागी कादंबरीचा जास्त आहे. तिथे सांगणारा राजाच्या शयनगृहात अदृश्य बसलेला असतो आणि कुजबुजसुद्धा त्याला स्पष्ट ऐकू येते. तुला हे कसं कळलं रे बाबा, असं त्याला कुणी विचारत नाही. दोन काळांच्या कादंबरीला तो प्रश्न टाळता येत नाही. तिच्यात कुणीतरी आज कागद हातात घेऊन बसलेलं असतं. अर्धं पान कसरीनं खाल्लेलं आहे आणि पुढचं ही मुलगी अंदाजानं भरते आहे, हे वाचणारीला दिसतं. ब्लाउज उलटा केला की शिवण दिसावी, तसं. शिवण दाखवणारं लिखाण मला जास्त प्रामाणिक वाटतं.

दिरांना हे पटलेलं नाही.

आता तोंडसुख. या कादंबऱ्यांतला आजचा धागा बहुतेक वेळा फुकटा असतो. जुन्या काळातल्या बाईनं जीव दिला, मूल गमावलं, नाव पुसून घेतलं. आजचीनं काय दिलं? पंधरा दिवसांची रजा. पत्रं वाचून रडली, नवऱ्याला सोडून आली, गावात बेकरी काढली, शेजारचा सुतार देखणा निघाला. आजीचं धैर्य तिला वारशात आयतं मिळालं आणि तिच्यामार्फत आम्हालाही. पुस्तक मिटताना आपणही काही तरी केल्यासारखं वाटतं. केलेलं काहीच नसतं. हा घाट कसाला लावायचा तर जुन्या प्रकरणातली तलवार बघू नये. जे सापडलं ते बोलून दाखवायला आजच्या बाईला काय मोजावं लागतं ते बघावं. आणि हे मला ज्या प्रश्नामुळे सुचलं, तो भिशीतच निघाला.

आमच्यातली सगळ्यांत लहान, बँकेत आहे, ती म्हणाली, "सारखं काय फ्रान्स? आपल्या इथली कोण नाही काय अशी?"

कुणीतरी म्हणालं, कित्तूरची राणी चन्नम्मा. आणि सगळ्या गप्प. मग एक हळूच म्हणाली, "ती त्यांची ना पण."

बेळगावबाहेरच्या वाचकाला ही शांतता कळायची नाही. त्यांची म्हणजे कन्नड लोकांची. चन्नम्माचं माहेर काकती. आमच्या घरापासून पुणे रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासात येतं. तिचं सासर कित्तूर, त्याच हायवेनं उलट्या अंगाला, धारवाडच्या वाटेवर. नवरा मल्लसर्ज देसाई गेला, मुलगा गेला, दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाला कंपनी सरकारनं मानायचं नाकारलं. २३ ऑक्टोबर १८२४ ला धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे फौज घेऊन कित्तूरच्या दारात आला आणि तिथेच मेला. (त्याचा पुतण्या पुढे इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला. त्या घराण्याला कथानक आमच्याकडेच मिळालं होतं, पण त्यानं लिहिलं दुसरंच.) डिसेंबरात मोठी फौज आली, किल्ला पडला, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत पडली आणि १८२९ मध्ये तिथेच गेली. कित्तूरची लढाई झाशीच्या आधी तेहतीस वर्षं. तिचा माणूस संगोळ्ळी रायण्णा लढत राहिला. २६ जानेवारी १८३१ ला त्याला नंदगडला फाशी दिलं. नंदगड म्हणजे खानापूर तालुका, आमचा मराठी पट्टा. तिथल्या वडाला मूल व्हावं म्हणून लोक लाकडी पाळणे बांधतात, आणि बांधणाऱ्यांत आमच्याही घरांतल्या सुना असतात. नवस बोलताना भाषा कुणी विचारत नाही.

हे सगळं मला माहीत होतं? होतं की. इथल्या मराठी शाळांत पुस्तकं कर्नाटक सरकारची, भाषांतरित. कित्तूरच्या लढ्याची माहिती थोडक्यात लिहा, मार्क चार. मी चार पैकी चार घेतले आणि चन्नम्माला तिथेच सोडलं. पुढे ती भेटली ती चौकाचं नाव म्हणून, विद्यापीठाचं नाव म्हणून, रेल्वेगाडीचं नाव म्हणून. बाई म्हणून भेटलीच नाही.

आमची चूक, पण नुसती आमची नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं. तो दिवस त्यांचा राज्योत्सव, आमचा काळा दिवस. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. घरावरची पाटी, सातबारा, बसवरचं गावाचं नाव, प्रत्येक ठिकाणी भाषा ही रोजची कटकट आहे. अशा गावात एखादं नाव सरकारी गाडीत बसून आलं की मन आपोआप दार लावून घेतं. मी स्वतः काळ्या दिनाच्या फेरीला जाते आणि जात राहीन. पण दार लावल्यानं तोटा कुणाचा झाला? ज्या मातीवर आपला हक्क सांगतो, त्याच मातीतली बाई आपण परकी करून टाकली. २०२० मध्ये पिरनवाडीत रायण्णाच्या पुतळ्यावरून तणाव झाला, तेव्हा शेवटी तोड निघाली ती अशी: चौकाला नाव शिवाजी महाराजांचं, पुतळा रायण्णाचा. बसवाल्याला काही अडचण येत नाही. आमच्या कादंबऱ्या मात्र त्या चौकाच्याही मागे आहेत.

त्याच भिशीच्या रात्री मी शेजारच्या अक्कांकडे गेले. त्या बैलहोंगलकडच्या, लिंगायत, चाळीस वर्षं अनगोळात. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त रागावल्या की कन्नड. मी सहज म्हटलं, आमच्या बखरींत एक बाई आहे, तुमच्या भागातली. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होते, १६७८ च्या सुमारास. बेलवडीच्या गढीतल्या लोकांनी सामानाचे बैल पळवले, म्हणून सखुजी गायकवाड चालून गेला. गढी चिखलामातीची, पण आतली बाई सावित्रीबाई देसाईण, तिनं सत्तावीस दिवस दाद दिली नाही.

अक्का शेंगा सोलत होत्या. हात थांबला. "बैल नव्हं हो, गाई. आणि पळवल्या तुमच्या लोकांनी, दुधासाठी. ही आमच्या मल्लम्माचीच गोष्ट की!"

मग आम्ही दोघी तुकडे जोडत बसलो. त्यांच्या आजीकडून आलेली गोष्ट: नवरा लढाईत पडला, मल्लम्मा बायकांची फौज घेऊन घोड्यावर बसली, पकडून महाराजांपुढे नेली तर त्यांनी बहीण म्हणून मानानं परत पाठवली. धारवाडजवळ यादवाडला एक कोरीव शिळा आहे. वर घोड्यावरचा राजा, खाली मांडीवर मूल घेतलेला. लोक सांगतात, ते महाराज आणि ते मूल मल्लम्माचं. माझ्याकडे काय होतं? जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रातलं थोडं. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी फेब्रुवारी १६७८ मध्ये लिहिलं होतं की एवढी राज्यं जिंकणाऱ्याला ही एक देसाईण आवरत नाही. आणि एका फारसी तवारिखेचा हवाला: गढी पडल्यावर सखुजीनं त्या बाईवर अत्याचार केला, महाराजांना कळलं तेव्हा त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकलं. हे शेवटचं सांगताना माझा आवाज खाली गेला. अक्का म्हणाल्या, हे आमच्या आजीनं नाही सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, सांगितलं नसणार.

एकाच बाईची दोन नावं. आमच्या घरी सावित्री, त्यांच्या घरी मल्लम्मा. मधे एक सामाईक भिंत, आणि चाळीस वर्षांत तिच्यावरून वाटी-वाटी साखर गेली, कुंदा आला, बाळंतिणीचे लाडू गेले; ही गोष्ट तेवढी गेली नाही.

दोन काळांची कादंबरी इथे लिहिली पाहिजे, असं मी म्हणते ते यासाठी. जुना धागा आयता आहे: गढी, बैल की गाई, सत्तावीस दिवस. पण खरी कादंबरी आजच्या धाग्यात आहे. समजा, आजची मुलगी बेळगावातल्या मराठी घरातली आहे. वडील ८६ च्या आंदोलनात लाठी खाल्लेले. भिंतीवर महाराजांची तसबीर. तिला ही गोष्ट सापडते. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतली पत्रं ती घडाघडा वाचू शकणार नाही, कारण ती मोडीत असणार. मोडी वाचणारा शोधत फिरावं लागेल. पुढचा दुवा कन्नडमध्ये, त्यासाठी ज्यांच्याशी बोलायचं नाही असं घरात शिकवलं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं लागेल. तिसरा दुवा इंग्रजांच्या वखारीत. तीन लिप्यांतून अर्धीमुर्धी बाई गोळा करायची आणि मग जेवणाच्या ताटावर वडिलांना सांगायचं की आपल्या सैन्यानं तिच्याशी असं केलं, आणि आपल्याच राजानं त्याची सजा दिली. इथे रजा घेऊन भागत नाही. त्या मुलीला खरंच काही तरी मोजावं लागेल.

दिरांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदाच गप्प बसले. मग म्हणाले, "लिहील कोण? आणि छापील कोण?" प्रश्न रास्त आहे. महाराजांचं नाव आलं की आज लोक आधी रस्त्यावर येतात, मग वाचतात, कित्येकदा वाचतही नाहीत. पण आपल्या जुन्या लिहिणाऱ्यांनी या बाईला दडवलं नव्हतं. एका बाईनं महाराजांच्या फौजेला सत्तावीस दिवस रोखलं हे लिहिताना त्यांना महाराज लहान झाल्यासारखे वाटले नाहीत. आमच्या पिढीला मात्र वाटेल, ही भीती आहे. ती भीती हेच त्या आजच्या धाग्याचं कथानक. कन्नड बाजूलाही ते तेवढंच अवघड जाईल, हे अक्कांच्या "सांगितलं नसणार"मधून मला कळलं. मानानं परत पाठवलेली बहीण गोष्टीत बसते. अत्याचार सोसलेली देसाईण बसत नाही. दोन्ही घरांनी आपापल्या सोयीचा तुकडा ठेवून घेतला. कुठला तुकडा किती खरा, हे आज ठामपणे सांगता येणार नाही. शिवण दाखवणारी कादंबरी त्या सगळ्या तुकड्यांना शेजारी-शेजारी ठेवू शकते. पुतळ्याला ते जमत नाही.

तलवारीवर मात्र अडून राहू नये. या घाटाची आणखी एक वाईट सवय म्हणजे धैर्य म्हटलं की घोडा आणि हत्यार लागतं. जानेवारी १९५६ मध्ये सीमाभाग म्हैसूरला देण्याचा निर्णय झाला आणि इथे गोळ्या झाल्या. दर वर्षी १७ जानेवारीला आम्ही हुतात्म्यांची नावं घेतो. त्यांत एक नाव निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचं आहे. बाकी नावांबरोबर तेही वाचलं जातं, फुलं वाहिली जातात, लोक कामाला जातात. ही बाई त्या दिवशी घरातून काय सांगून निघाली असेल? चुलीवर काय होतं? मला माहीत नाही, आणि मी तरी कधी विचारलं? दर वर्षी तिच्या नावापुढे हात जोडणाऱ्या आम्ही, फ्रान्समधल्या कुठल्याशा परिचारिकेच्या पेटीतल्या रुमालाचा रंग सांगू शकतो.

निपाणीच्याच तंबाखूच्या वखारींत बायकांनी १९८० च्या आसपास संघटना बांधली. तंबाखूच्या धुरळ्यात दिवसभर उभं राहून मजुरी आणि मान मागितला. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात. लहानपणीच देवाला सोडलेली सीतव्वा जोडट्टी पुढे देवदासींनाच सोडवायला उभी राहिली, तिला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खानापूरवरून गोव्याला जाणारी गाडी कॅसलरॉकला थांबते. तिथल्या जंगलात, आणि त्याआधी आंबोलीच्या, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई १९५५ पासून १९६१ पर्यंत गोवा मुक्तीचा छुपा रेडिओ चालवत होते. सहा वर्षं जंगलात. गोवा सुटलं तेव्हा लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ते सांगितलं. ट्रंक, पत्रं, तळघर यांची गरजच नाही. नुसता ट्रान्समीटर पुरे. आपल्या भिशीतल्या किती जणी त्या गाडीनं दूधसागर बघायला गेल्यात? सगळ्या. खिडकीतून धबधब्याचे फोटो काढले.

यातल्या कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी कोंकणी. म्हणून "आपल्या इथली कोण नाही काय" याचं उत्तर देताना आधी "आपली" शब्दाचीच खोली मोजावी लागते. मी सीमालढा सोडा म्हणत नाही. जमीन कुणाकडे असावी हा प्रश्न कोर्टात आणि रस्त्यावर राहू दे. पण त्या जमिनीत पुरलेल्या बायकांची वाटणी करायची गरज नाही, आणि केली तर कमी पडणार आहोत आपणच. कन्नडमध्ये मल्लम्मा-चन्नम्मांवर नाटकं आहेत, लावण्या (आपल्या पोवाड्यांसारख्या) आहेत. इथल्या वाचनालयांत त्यांचा मराठी अनुवाद शोधा, हाती फार काही लागत नाही. उलट दिशेनं ताराराणी किती कन्नड घरांत पोचली असेल, तेही बघायला हवं.

आमच्या भागात थंडी पडली की गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव. गाव वर्गणी काढतं, ग्रंथदिंडी निघते, पोरं लेझीम खेळतात, बाहेरून पाहुणे येऊन सीमाप्रश्नावर टाळ्या घेऊन जातात. यंदा मी एका गावच्या मंडळींना सुचवलं की एक सत्र बेलवडीच्या बाईवर ठेवू: मी सावित्री सांगते, शेजारच्या अक्का मल्लम्मा सांगतील, मराठीतच, आणि मधे कुणी निकाल द्यायचा नाही. मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. एकानं विचारलं, महाराजांचं काही वावगं येणार नाही ना? दुसऱ्यानं विचारलं, कन्नड बाईला व्यासपीठावर कसं? तिसरा, वयानं सगळ्यांत मोठा, म्हणाला, "सत्तावीस दिवस? मातीच्या गढीत? मग ऐकायला पाहिजे की."

शेवटी सत्र मिळालं, जेवणानंतरचं. संमेलनाला जाणाऱ्यांना ठाऊक आहे, त्या वेळी मांडवात निम्मे लोक डुलक्या घेत असतात आणि उरलेले पंगतीत. अक्का म्हणाल्या, घ्या की, झोपलेल्यांना उठवायचं काम माझ्याकडे. त्या आता रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मला बैलांवरून भांडून दाखवतात.